काळजी आणि काहूर

पहाटेचे तीन वाजलेले असायचे. मी अंधारात ओट्यापाशी उभी राहून शेगडीची बटणं एकेक करून चाचपायची. तिन्ही बंद. मग खाली वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर. तोही बंद. मग दाराची कडी. मग आतल्या खोलीत जाऊन मुलाच्या अंगावरचं पांघरूण वरखाली होतंय ना, ते बघायचं. मुलगा तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पाठ घामाने भिजलेली, छातीत धडधड आणि पोटात मोठा गोळा. आता फोन वाजेल आणि कुणीतरी काहीतरी वाईट सांगेल, असं वाटत राहायचं. फोन वाजायचा नाही. मी पुन्हा ओट्यापाशी यायची आणि पुन्हा बटणं चाचपायची.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. पाळी दोन-दोन महिने दडी मारायची आणि मग पंधरा दिवसांत दोनदा यायची. वीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, ऐंशी-ऐंशी मुलं सहलीला नेऊन सुखरूप परत आणलेली. दहावीच्या निकालाच्या दिवशी रडवेल्या पालकांना धीर देण्याचं काम माझ्याकडे असायचं. जीव घाबरा होणं म्हणजे काय, ते तोवर मला ठाऊक नव्हतं. ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी रक्तदाब मोजला आणि म्हणाले, "हे वयच असं असतं. कशात तरी मन रमवा." चार मिनिटांत मी बाहेर आले होते.

"हे वयच असं" या शब्दांशी माझं भांडण आहे. ते खोटे असते तर भांडण सोपं झालं असतं. ते अर्धे खरे आहेत. वयाचा संबंध आहेच. पण जिथून डॉक्टरांनी विचारायला सुरुवात करायची, तिथेच हे शब्द बोलणं संपवून टाकतात. बाई घरी येते, शब्दकोड्यात किंवा भजनी मंडळात मन रमवायचा प्रयत्न करते, आणि रात्री तीन वाजता पुन्हा ओट्यापाशी उभी राहते. आता तिच्या मनात एक नवी लाजही असते, की बाकीच्या बायकांना जमतं ते आपल्याला जमत नाही.

मराठीत "काळजी" या एका शब्दात दोन गोष्टी राहतात. आपण काळजी घेतो आणि आपण काळजी करतो. घ्यायची ती हातांनी: औषध वेळेवर देणं, डबा भरणं, म्हाताऱ्या माणसाला बाथरूमपर्यंत धरून नेणं. करायची ती मनाने. आपल्या घरांत या दोन्ही एकाच बाईकडे सोपवलेल्या असतात, आणि "तिला सगळ्यांची फार काळजी" हे तिचं कौतुक असतं. त्यामुळे तिची काळजी आजारात बदलते तेव्हा ते कुणाच्या लक्षात येत नाही. ताप आला तर तिला एक दिवस पडून राहू देतात. काळजी वाढली तर ती आपलं नेहमीचंच काम जरा जास्त करतेय, एवढंच घराला वाटतं. तिलाही तसंच वाटतं.

पण याच भाषेत दुसराही एक शब्द आहे, काहूर. काळजीला विषय असतो आणि विषय मिटला की ती मिटते. मुलगा सुखरूप पोचल्याचा फोन आला की आपण झोपतो. काहूर आधी उठतं आणि मग विषय शोधत फिरतं. त्या रात्री मला आधी गॅस सापडला, मग कडी, मग मुलाचा श्वास. बटण बंद आहे हे हाताला कळत होतं, तरी छातीतली धडधड थांबत नव्हती. हा फरक मला कुणी तेव्हाच सांगितला असता तर माझे आठ महिने वाचले असते. पाळी जाण्याच्या वर्षांत कितीतरी बायकांच्या मनात काहूर उठतं आणि ते काळजी म्हणून खपून जातं. ते वेगळं ओळखलं, त्याचं नीट निदान झालं आणि सगळे उपाय त्यांच्या गुणदोषांसकट बाईसमोर मांडले, तर त्यातून बाहेर येता येतं. सोसत राहणं हा उपायांपैकी एक आहे, असं धरून चालणं आपण बंद केलं पाहिजे.

शरीरात काय होतं ते आधी बघू. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं मानतात. पाश्चात्त्य देशांत त्याचं सरासरी वय ५१च्या आसपास आहे. भारतीय बायकांत ते ४६-४७च्या आसपास आढळतं. पण मनाचा त्रास बहुधा त्या आधीच्या काही वर्षांत जास्त होतो, पाळी अजून येत असते तेव्हा. म्हणून फसगत होते. "पाळी तर चालू आहे, मग मेनोपॉज कसा?" असं बाईला वाटतं, कधी डॉक्टरांनाही वाटतं. या वर्षांत इस्ट्रोजेन एका संथ उतारावरून खाली येत नाही. ते आज एकदम चढतं, पंधरा दिवसांनी तळाला जातं. मेंदूतल्या ज्या रसायनांवर मनाचं स्वास्थ्य अवलंबून असतं त्यांच्याशी इस्ट्रोजेनचं नातं जवळचं आहे, आणि या हेलकाव्यांनी त्यांचीही घडी विस्कटते. दुसरं हार्मोन प्रोजेस्टेरॉन. त्यापासून शरीरात आणि मेंदूत ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ तयार होतो आणि मेंदूतल्या शांतवणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे गाबा या रसायनाच्या कामाला, तो हातभार लावतो. बीज सुटणं अनियमित झालं की प्रोजेस्टेरॉन घटतं आणि हा आतला हात निघून जातो.

त्यातच शरीराचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं केंद्र हळवं होतं. जरा उबारा वाढला तरी ते आग लागल्यासारखं वागतं: रक्तवाहिन्या फुलतात, अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, नाडी धावते. आता यांतला घाम आणि धावती नाडी ही भीतीचीही लक्षणं आहेत. रात्री झोपेत नाडी धावू लागली आणि जाग आली की मन विचारतं, काय झालं? उत्तर मिळत नाही, म्हणून ते स्वतःच एक उत्तर बनवतं: हार्ट अटॅक, मुलाला अपघात, गॅस. त्या उत्तराने आणखी घाबरायला होतं, नाडी आणखी धावते. असं चक्र महिनोन्‌महिने रोज रात्री फिरलं आणि झोपेचे तुकडे झाले, तर कितीही खंबीर बाई खचते.

खंबीर बाईबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अमेरिकेत १९९०च्या दशकात सुरू झालेला स्वान नावाचा मोठा अभ्यास आहे. त्यात वेगवेगळ्या वंशांच्या हजारो बायकांची चाळिशीपासून वर्षानुवर्षं पाहणी झाली. त्यात असं दिसलं की ज्या बायका मुळातच चिंताग्रस्त होत्या, त्यांची चिंता आधीही जास्त होती आणि नंतरही जास्तच राहिली. पाळीच्या टप्प्याशी तिचा संबंध नव्हता. पण ज्या आधी शांत होत्या, त्यांच्यात तीव्र चिंतेची शक्यता या संक्रमणात वाढली. म्हणजे "तू तर अशी नव्हतीस" हे घरच्यांचं वाक्य तक्रार म्हणून बोललं जातं, पण डॉक्टरांसाठी ती महत्त्वाची माहिती आहे. स्वभाव एकाएकी बदलला, पाळीचं गणितही त्याच सुमारास बदललं, तर या दोन तारखा शेजारी-शेजारी लिहून बघायला हव्यात.

यावर एक आक्षेप हमखास येतो: आमच्या वेळी कुठे होतं असलं काही? हा आक्षेप मी हसून सोडून देणार नाही, कारण त्याला अभ्यासाचाही एक आधार आहे. मार्शा फ्लिंट या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातल्या ४८३ राजपूत बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. पाळीतल्या बदलापलीकडे कुठलाही त्रास सांगणाऱ्या बायका त्यांना फारच थोड्या भेटल्या. कारणही बोलकं होतं. पाळी असेपर्यंत या बायका पडद्यात असत. पाळी गेली की बाहेर येऊन पुरुषांच्या बैठकीत बसता येत असे, बोलता येत असे. पाळी जाणं हे बक्षीस होतं. पुढे मार्गारेट लॉक यांनी जपानी बायकांशी बोलून १९९३ साली पुस्तक लिहिलं. तिथल्या बायका वाफांबद्दल कमी आणि खांदे जखडण्याबद्दल जास्त बोलत होत्या. याचा अर्थ मी असा घेते: समाज त्या वयाच्या बाईला काय देऊ करतो, याचा तिच्या त्रासावर खरोखर परिणाम होतो. मान मिळाला तर त्रास हलका होतो.

पण त्रास नसणं आणि त्रास न सांगणं यांतला फरक मला माझ्या आईने शिकवला. "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," हे तीही म्हणायची. मी कॉलेजात होते तेव्हा ऐन जानेवारीत ती गादी सोडून मागच्या पडवीत, शहाबादी फरशीवर नुसता पदर पसरून झोपायची. विचारलं तर म्हणायची, पाठीला कडक लागतं. दोन वर्षांपूर्वी मी तिला त्या फरशीची आठवण करून दिली. ती मटारच्या शेंगा सोलत होती. बराच वेळ सोलत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, मला वेड लागतंय. पण सांगणार कुणाला?" ती आता एकोणऐंशी वर्षांची आहे. तीस वर्षं तिने हे एक वाक्य पोटात ठेवलं होतं.

दुसऱ्या बाजूची चूकही तितकीच मोठी आहे. आता शहरांत मेनोपॉज हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि त्याच्या पोटात सगळंच ढकलायची सवय लागते आहे. थायरॉइड जास्त काम करू लागलं तरी धडधड, घाम, बेचैनी आणि झोपमोड असते, वजनही घटतं. याच वर्षांत पाळीत रक्तस्राव जास्त होतो, त्याने हिमोग्लोबिन उतरतं आणि जिना चढताना छाती धडधडते. पाळी गेल्यावर बायकांना हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि त्यांचा झटका कधीकधी धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं अशा आडवळणाने येतो. म्हणून थायरॉइडची टीएसएच चाचणी, रक्ताची साधी तपासणी, साखर आणि ईसीजी, एवढं आधी करून घ्यावं. पंचेचाळिशी ओलांडलेली असेल तर रजोनिवृत्ती ओळखायला हार्मोनच्या महागड्या चाचण्यांची सहसा गरज पडत नाही. पाळीच्या तारखा आणि लक्षणं पुरतात. आणि घरात मारहाण असेल, नवऱ्याचं व्यसन असेल, कर्जाचा फास असेल, तर ती भीती खरी आहे. तिला हार्मोनचं नाव देणं म्हणजे बाईची साक्ष खोडून काढणं. कुठलीही गोळी मारणाऱ्याचा हात धरत नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला जी येते, ती बीडकडची. लग्नानंतर दहा-बारा हंगाम तिने नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोड केली. छत्तिसाव्या वर्षी अंगावरून जातं म्हणून दाखवायला गेली, आणि "पिशवी काढून टाका, कटकट जाईल" असं सांगून तिची पिशवी काढली. आता ती एक्केचाळीस वर्षांची आहे. तवा तापला की तिला वाफा येतात, आणि एखाद्या दिवशी लाटणं खाली ठेवून ती मोरीपाशी भिंतीला टेकून उभी राहते. "जीव घाबरा होतो, बाई. मरते की काय वाटतं." पिशवीबरोबर अंडाशय काढले की ठेवले, हे तिला माहीत नाही. तिला कुणी सांगितलेलं नाही.

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहा बायकांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या थोडं वर आहे. पाळीच्या दिवसांत काम बुडलं तर मुकादमाचा खाडा भरायचा, फडावर पाणी नाही, संडास नाही. अशा जगण्यात पिशवी ही अडचण ठरते. पण अंडाशयही काढले तर चार-पाच वर्षांत सावकाश होणारी गोष्ट एका रात्रीत होते. ते ठेवले तरी पाळी जाण्याची स्थिती अपेक्षेपेक्षा लवकर येऊ शकते. कमी वयात असं झालं तर, विरोधात दुसरं कारण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत असं वैद्यकाचं मत आहे. मनासाठीही आणि हाडं-हृदयासाठीही. आमच्याकडे येणाऱ्या बाईला हार्मोन हा शब्दसुद्धा कुणी सांगितला नव्हता.

आता उपायांकडे येऊ. पहिला आणि सर्वांत जास्त भीतीने वेढलेला उपाय म्हणजे हार्मोन. ही भीती नेमक्या एका महिन्यात जन्मली. जुलै २००२मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला गेला. त्यात १६,६०८ बायका होत्या. निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन, निम्म्यांना नकली गोळी. हार्मोन घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी जास्त, अशी बातमी जगभर गेली आणि लाखो बायकांनी औषधं बंद केली. मी गणिताची शिक्षिका, म्हणून मी मूळ आकडे शोधले. वर्षाला दहा हजार बायकांमागे नकली गोळीवाल्यांत ३० कर्करोग, हार्मोनवाल्यांत ३८. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. २६ टक्के हे खरं आहे आणि दहा हजारांत आठ हेही खरं आहे. पहिला आकडा ऐकून बाई दवाखान्याच्या पायरीवरूनच परत फिरते. दुसरा ऐकून ती बसून विचार करते. त्याच दहा हजारांत मांडीचं हाड मोडणाऱ्या बायका पाचाने कमी होत्या, पक्षाघाताच्या आठाने जास्त होत्या. या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. २००४ साली थांबवलेल्या त्या भागात स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसलाच नाही.

आजचं वैद्यकीय मत साधारण असं आहे: वय साठच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षांहून कमी झाली असतील, तर निरोगी बाईला बहुधा फायदा धोक्याहून जास्त असतो. त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या जेलने रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीसारखा वाढत नाही. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, गुठळी झालेली असेल, यकृताचा गंभीर आजार असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हा रस्ता बहुधा बंद असतो. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचा सर्वांत कडक इशारा काढायचं ठरवलं. पण मुद्दा चिंतेचा आहे, म्हणून नेमकं बोलायला हवं. वाफा, घाम, झोपमोड आणि पाळीचे हेलकावे यांच्या हातात हात घालून काहूर आलं असेल तर हार्मोनने ते बऱ्याचदा उतरतं. नुसता चिंताविकार असेल तर हार्मोन हे त्याचं पहिलं औषध नव्हे.

दुसरा उपाय बोलण्याचा, पण "मन रमवा" असं सांगण्याचा नव्हे. विचार आणि वर्तन यांवर शिस्तीने काम करणारी सीबीटी ही पद्धत आहे. मराठी वाचकाला तिचं सख्खं भावंड ओळखीचं आहे: अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी, जी कि. मो. फडके यांनी आयुष्यभर महाराष्ट्रात रुजवली. लंडनच्या मायरा हंटर यांनी रजोनिवृत्तीसाठी सीबीटीच्या चाचण्या केल्या. २०१२ साली त्यांनी दाखवलं की चार बैठकांच्या गटाने किंवा नुसत्या मार्गदर्शक पुस्तिकेनेही वाफांचा जाच कमी होतो. वाफांची संख्या तेवढीच राहिली तरी त्यांची दहशत उतरते. मला जी समुपदेशक भेटली तिने पहिल्याच दिवशी एक वही आणायला सांगितली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे काळजी, उजवीकडे काहूर. रात्री जाग आली की ओट्यापाशी जायचं नाही. आलेला विचार यांपैकी एका बाजूला लिहायचा. ज्याच्यावर उद्या सकाळी हाताने काही करता येईल तो डावीकडे, बाकीचे उजवीकडे. पहिल्या आठवड्यात डावीकडे दोन ओळी होत्या: आईच्या मोतीबिंदूची तारीख विचारणे, वीजबिल. उजवीकडे तीन पानं भरली होती. इतकी वर्षं गणित शिकवून मला कळलं नव्हतं ते त्या पानांनी मला मोजून दाखवलं.

तिसरा उपाय मनाच्या औषधांचा. इथे दोन औषधगटांत फरक केला पाहिजे, कारण आपल्याकडे सगळ्यांनाच "झोपेच्या गोळ्या" म्हणतात. एस्सिटॅलोप्रॅमसारखी औषधं चिंताविकारावर रोज, काही महिने घ्यायची असतात. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढूही शकते. हे आधी सांगितलं नाही तर बाई चौथ्या दिवशी पाकीट फेकून देते. २०११ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत याच औषधाने वाफाही कमी झाल्याचं दिसलं, म्हणजे ज्यांना हार्मोन घेता येत नाहीत त्यांना एका औषधात दोन गोष्टी साधतात. स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल तर मात्र पॅरॉक्सेटिन टाळतात, कारण ते टॅमॉक्सिफेनचं काम अडवतं. पण ब्रिटनची नाइस ही संस्था हेही बजावते, की नैराश्याचं निदान झालेलं नसताना रजोनिवृत्तीतल्या नुसत्या उदासपणावर या गोळ्यांचा उपयोग होतो असा स्पष्ट पुरावा नाही. निदान आधी, गोळी मग.

अल्प्राझोलामचा गट वेगळा. त्याने वीस मिनिटांत बरं वाटतं आणि त्यातच त्याचा धोका आहे. काही आठवड्यांत शरीर त्याची सवय लावून घेतं, आणि एकदम बंद केलं तर काहूर दुपटीने परत येतं. २०१४पासून हे औषध विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या यादीत आहे, तरी ओळखीच्या दुकानातून अर्धी-अर्धी गोळी घेऊन वर्षं काढणाऱ्या बायका मला स्टाफरूममध्ये भेटल्या आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. "मन रमवा" म्हणून घरी पाठवलेल्या बाईला जे मिळालं ते तिने धरलं. त्यांनी आता ती एकदम सोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवावी.

सोया, शतावरी, अश्वगंधा यांबद्दलही सरळ बोलायला हवं. वाफांवर सोयाचा थोडा उपयोग काही अभ्यासांत दिसतो, काहींत दिसत नाही. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे, हे मात्र खरं नाही. लेबल नसलेल्या पुड्यांत शिसं सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि अश्वगंधा थायरॉइडवर परिणाम करू शकते. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. चालणं, वजनं उचलणं, योगासनं यांनी वाफा फारशा कमी होत नाहीत. पण झोप, मन आणि हाडं या तिन्हींना बळ मिळतं. चहा-कॉफी संध्याकाळनंतर सोडून बघावी. हे सगळं उपचारांच्या जोडीला करायचं. उपचारांच्या जागी हे ठेवलं, की "मन रमवा" हेच पुन्हा दुसऱ्या शब्दांत सांगितल्यासारखं होतं.

मी काय निवडलं? माझ्या सख्ख्या आत्याला स्तनाचा कर्करोग झाला होता. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी मला दोन भेटींत आकड्यांसकट सगळं समजावलं. आत्याच्या आजारामुळे हार्मोनची दारं आपोआप बंद होत नाहीत, हेही सांगितलं. सगळं ऐकून मी वही आणि नऊ महिन्यांची गोळी असा मार्ग घेतला. माझ्या शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या मैत्रिणीने जेल घेतलं, आणि ती तीन आठवड्यांत रात्रभर झोपू लागली. आमची उत्तरं वेगळी आली आणि दोन्ही बरोबर आली, कारण आमची उदाहरणंच वेगळी होती. ज्या दिवशी कुणीतरी माझ्यासमोर चार पर्याय ठेवून "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं, त्या दिवशी संध्याकाळी मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. गोळी तर तेव्हा सुरूही झाली नव्हती.

हा प्रश्न सगळ्या बायकांना विचारला जावा, ही जबाबदारी फक्त दवाखान्यांची नाही. २०१३ साली केंद्र सरकारने जी आरोग्यनीती मांडली, तिच्या नावातच प्रजनन, माता, नवजात, बालक आणि किशोरवय असे शब्द आहेत. बाळ होणार असेपर्यंत बाई सरकारी वहीत असते. आशाताई तिच्या दारात येते, लोहाच्या गोळ्या देते, तारखा लिहून ठेवते. मूल होण्याचं वय संपलं की वहीतलं तिचं पान संपतं. तिच्या आयुष्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग अजून उरलेला असतो. त्याच आशाताईच्या वहीत चाळिशीनंतरच्या बाईसाठी चार प्रश्नांचं एक पान वाढवायला फार मोठा खर्च येणार नाही. तोवर ज्यांना तातडीने बोलायचं आहे त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२पासून तो चालू आहे, दिवसरात्र, आणि मराठीतही. जगणं नको वाटू लागलं असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच क्षणी फोन करावा.

आणि घरातली जबाबदारी घरातल्या पुरुषांची, मुलांची आणि आम्हा बायकांचीही. नवरा डॉक्टरांकडे सोबत आला, तर तिच्या वतीने न बोलता "हिला रात्री झोप लागत नाही, हे मी बघतोय" एवढी साक्ष त्याने द्यावी. आपण बायकांनी सुनेला, धाकट्या जावेला, हाताखालच्या बाईला "आम्ही नाही का सोसलं" हे वाक्य यापुढे ऐकवू नये. आईने फरशीवर काढलेल्या रात्रींचा मान तिने आम्हाला ते सांगितलं म्हणून आहे. सोसण्याचा वारसा पुढच्या पिढीला द्यायचं काही कारण नाही.

गेल्या महिन्यात पोळ्या झाल्यावर आमची बीडकडची बाई ओट्यापाशी घुटमळली. सरकारी दवाखान्यात जाणार होती, आणि तिथे गेलं की सगळं विसरायला होतं, म्हणून चिठ्ठी लिहून द्या म्हणाली. मी वहीचं पान फाडलं. लिहिलं: वय ४१. छत्तिसाव्या वर्षी पिशवी काढली. कागद सोबत आहेत, अंडाशय ठेवले का ते बघावं. वाफा आणि धडधड पाच वर्षं, आठवड्यातून चार-पाच रात्री जाग. आधी असा त्रास कधीच नव्हता. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी तपासावं. हार्मोन देता येतील का, नसतील तर दुसरं काय, ते समजावून सांगावं.

तिला वाचून दाखवलं. तिने मान डोलावली, पीठ लागलेले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "अजून एक लिहा, बाई. वरती लिहा. मी सोंग करत नाही."